पास्कूमामांच्या तीस जागा

पास्कूमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फणसाखाली मांडी घालून बसले होते आणि काहीही करत नव्हते. मी अलिबागहून सहा आसनी रिक्षानं रेवदंड्याला आले होते, तिथून दुसरी रिक्षा करून खाडीवरचा पूल ओलांडून वाडीत पोहोचले होते. घामानं जीव मेटाकुटीला आलेला. हातात कामांची यादी होती: सतरंज्या मोजणे, पाण्याची पिंपं, न्हाणीच्या दारांच्या कड्या, मोठी पातेली. रिट्रीट चार दिवसांवर आलेली, आणि वाडीचा राखणदार झाडाखाली आरामात बसलेला. मी विचारलं, "पास्कू कोण? वाडी बघतात ते?" त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. थांब, असं. वर्गात पोरांना गप्प करायला मी जसं बोट दाखवते तसंच. वीस वर्षं शाळेत शिकवतेय, पण ते बोट माझ्याकडे कुणी रोखलेलं नव्हतं.

मी रागानं तिथेच उभी राहिले. पाव तास गेला असेल. मग ते उठले, अर्ध्या चड्डीला लागलेली माती झटकली आणि म्हणाले, "या जाग्याला साडेचारला ऊन येतं, टीचर. इथं कोणाला बसवू नको."

तो माणूस काम करत होता, हे मला कळायला दोन दिवस लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा कॅथलिक लोकांत ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या काळात रिट्रीट करायची पद्धत आहे. दोन-तीन दिवस घरापासून लांब जायचं, मौन पाळायचं, प्रार्थना करायची, फादरांचं प्रवचन ऐकायचं आणि उरलेला वेळ एकट्यानं बसायचं. बहुतेक ठिकाणी ती हॉलमध्ये होते. आमची मात्र वाडीत होई. चर्चची जुनी नारळ-सुपारीची वाडी, मागे टेकडी, पुढे सुरूची रांग आणि समुद्र. एका म्हाताऱ्या फादरांनी कधीकाळी ही प्रथा पाडली: तीस माणसं, तीन दिवस, आणि प्रत्येकाला बसायला वाडीतली एक जागा. फादर वारले, प्रथा राहिली, आणि ती राहिली ती पास्कूमामांमुळे. त्या तीस जागांपैकी प्रत्येक जागेवर ते स्वतः आधी बसत. सकाळी एकदा, दुपारी एकदा. रिट्रीटच्या आधी महिनाभर त्यांचा हाच उद्योग असे. ठरलेल्या जागी एक दगड ठेवायचा, त्यावर पानाच्या डब्यातल्या चुन्याचं बोट ओढायचं, की ती जागा पक्की.

मूळचे ते कोर्लईचे. घरात त्यांची ती जुनी, पोर्तुगीज वळणाची भाषा. आमच्याशी बोलताना किनाऱ्यावरची मराठी. चाळीस वर्षं समुद्रावर काढली, त्यातली बरीच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून. गुडघा गेल्यावर होडी पुतण्याकडे दिली आणि वाडी राखायला आले. शाळा चौथीपर्यंत. बायबल वाचायचा कंटाळा, ऐकायची आवड. बोलणं कमी आणि एकाच सुरातलं. रागावलेत की मस्करी करतायत हे त्यांच्या भुवयांवरून ओळखावं लागे.

जागा निवडण्याचे त्यांचे नियम होते. "पयलं वर बग, मंग खाली बस," हा पहिला. डोक्यावर नारळ किंवा सुकलेली झावळी लटकत असेल तर ती जागा बाद, नाहीतर नारळ पाडणारा पाडेली बोलावून झाड उतरवून घ्यायचं. दुसरा नियम, "मुंगीला इचार." म्हणजे अर्धा तास बसायचं आणि अंगावर कोण चढतंय ते बघायचं. तिसरा, पाठ टेकायला काहीतरी हवं. झाड, दगड, कुंपणाचा दगडी गडगा, काहीही. आणि चौथा नियम, ज्याच्यापुढे बाकीचे तीन काहीच नव्हेत: एका जागेवरून दुसऱ्या जागेवरच्या माणसाचं तोंड दिसता कामा नये.

हा चौथा नियम मला ठाऊक नव्हता. त्या पहिल्या वर्षी ते बाजारात गेले असताना मी विहिरीजवळच्या मोकळ्या सपाटीवर सतरंज्या अंथरून ठेवल्या. सहा-सहाच्या पाच रांगा, मधे जायला वाट, अगदी नीटनेटक्या. माझं मला कौतुक वाटत होतं. मामा आले, पिशवी खाली ठेवली, एका टोकाला उभे राहून रांगांकडे बघितलं.

"टीचर, ही काय परीक्षा हाय?"

"म्हणजे?"

"येकामेकांचं बगून लिवतील."

आणि त्यांनी सगळ्या सतरंज्या शांतपणे गुंडाळल्या. माझी खूप चिडचिड झाली. मी म्हटलं, तीस माणसांना तुम्ही वाडीभर विखरून टाकणार, कुणाला काही लागलं, कुणाला चक्कर आली तर? ते म्हणाले, "मी फिरतो ना. पाठीमागून फिरतो." खरंच ते तिन्ही दिवस अनवाणी वाडीत फिरायचे, प्रत्येकाच्या पाठीमागच्या बाजूनं. कुणाच्या तांब्यातलं पाणी संपलं की भरून ठेवायचे आणि निघून जायचे. तांब्या कोण भरतं हे लोकांना कळायचंही नाही.

तोंड दिसू नये असं का, हे मी त्यांना तीन-चार वर्षांनी विचारलं. दुपारची वेळ होती, दोघं ओटीवर बसून वाल सोलत होतो. ते म्हणाले, "माजा धाकटा भाव समिंदरात गेला. गावला न्हाय. घरात नऊ मानसं. वर सांत्वनाला येनारी. मी मोठा, मी सगल्यांना धरायचो. चौथ्या दिसाला होडीवर गेलो, तिथं पाच जन. मी तांडेल. तांडेल रडला तर बाकीच्यांनी काय करायचं?" मग त्यांनी वालाची साल सुपात टाकली. "रडायला मी कुठं गेलो सांगू? संडासात. ते बी भायेर कोनतरी कडी वाजवत हुता."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. ते स्वतःही हसले.

"मंग फादरनी मला इथं आनलं. त्या कोपऱ्यातल्या उंडीच्या झाडाखाली बसवलं आनि म्हनाले, पास्कू, सांज होईतोवर कोनी येनार न्हाय. खरंच कोनी आलं न्हाय." एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला. पण त्या दिवसापासून वाडीतला प्रत्येक चुन्याचा दगड मला वेगळा दिसायला लागला. देवाची तयारी फादर करत, माणसाची तयारी मामा करत, असं मी घरी सांगायचे. माझ्या वडिलांना हे वाक्य फार आवडलं होतं.

मग ते वाईट वर्ष आलं. करोना होताच, त्यात जूनमध्ये चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा, सगळीकडे वाड्या आडव्या झाल्या. दुसऱ्या वर्षी माझे वडील करोनानं गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं, कबरस्तानात आम्ही चौघंच. त्यानंतर आईचं बघणं, कागदपत्रं, मोबाइलवरचे वर्ग. मी एकदाही रडले नाही. लीना किती खंबीर, असं सगळे कौतुकानं म्हणायचे आणि मीही ते कौतुक मुकाट्यानं घ्यायचे.

दोन वर्षं रिट्रीट झालीच नाही. तिसऱ्या वर्षी नाताळ संपल्यावर मी वाडीत पाऊल ठेवलं तर डोक्यावर आकाश दिसलं. आमच्या वाडीत आकाश दिसत नसे, तुकडे दिसत. सुपारीचा बाग जवळजवळ पूर्ण गेला होता, नारळ निम्म्याहून कमी उरले होते. मामा एकटेच मुळं खणत होते. मला बघून म्हणाले, "बाय, ऊन लय झालंय." मला ते पहिल्यांदाच टीचर सोडून बाय म्हणाले. त्यावरून मी ओळखलं की गोष्ट गंभीर आहे.

जानेवारीत तयारी मंडळाची बैठक भरली. आमचे सेक्रेटरी ग्रेगरीसर, निवृत्त मुख्याध्यापक. कडक माणूस, पण सरळ. त्यांची बायकोही त्याच दिवसांत गेली होती. त्यांनी मुद्दा मांडला तो चुकीचा नव्हता. येणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे, मार्चअखेरचं ऊन, कुणाला काही झालं तर जबाबदार कोण? अलिबागमध्ये हॉल मिळत होता. पंखे, खुर्च्या, खाली दवाखाना. माझ्या मनात एकच होतं: एकदा हॉलमध्ये गेलो की परत वाडीत कुणी येणार नाही. सोयीची सवय फार लवकर लागते.

मामा रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला घालतात तो पांढरा शर्ट घालून आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. ग्रेगरीसरांनी विचारलं, "पास्कू, तीस लोकांना दिवसभर सावली देऊ शकाल?"

"बसून बगतो, सर."

"मोठा मांडव घातला तर?"

"मांडवात लगीन होतं, सर."

एक-दोघे हसले. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचा हॉल चांगला हाय. पंखा बी पायजे. पन तिथं शेजारचा बगतो. या दोन वर्सांत कोनाचं मानूस गेलं न्हाय, सांगा. मयताला जायला मिळालं न्हाय, कोनाच्या गळ्यात पडायला मिळालं न्हाय. हे तीस जन येतील ते भरलेलं घेऊन येतील. ते कुठं सांडायचं? खुर्चीवर?"

ग्रेगरीसर चष्मा पुसत राहिले. शेवटी ठरलं असं: वाडीत तीस जागा तयार झाल्या आणि मी तसं लिहून दिलं तर वाडी, नाहीतर हॉल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामांचा निरोप आला, तीस झाल्या. मी जाऊन मोजल्या. पडक्या पंपघराच्या भिंतीशी चार, गडग्याच्या कडेनं नऊ, उरलेल्या नारळांच्या बुंध्यांशी काही, आंबा, फणस, करंज, रहाटाच्या चौथऱ्याची एक बाजू. जिथे आडोसा नव्हता तिथे नारळाच्या झावळ्यांची झाप विणून बाजूनं उभी केलेली. झाप डोक्यावर का नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "दुपारचा वारा डोक्यावरचं ठेवत न्हाय. बाजूचं ठेवतो." प्रत्येक जागी ते बसले होते, सकाळी आणि दुपारी, मोडक्या गुडघ्यानं. मी खुशीत ग्रेगरीसरांना लिहून दिलं: तीस जागा तयार आहेत. खाली सही केली, तारीख घातली.

मार्चच्या मधोमध एका सकाळी शाळेत फोन आला. मामांना फोनचा तिटकारा. रिट्रीटला आलेल्यांचे फोन ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे, वाजले तरी ऐकू येऊ नयेत म्हणून. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकूनच मी दचकले.

"टीचर, मी चुकलो. ये."

गेले. वाडीत नेऊन त्यांनी मला गडग्याच्या कडेचे दगड दाखवले. एकेक पांढरं बोट लख्ख उन्हात. तीसपैकी बारा जागा उन्हात आल्या होत्या. पाचोळा झाडायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, गडग्याची सावली लांब पडते. मार्चअखेर तो डोक्यावर चढतो आणि सावली भिंतीच्या पायाशी गोळा होते. हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मामांनाही ठाऊक होतं. पण वाडी गच्च होती तेव्हा एखाददुसरी जागा सोडली तर सावली शोधायची वेळच आली नव्हती; बाराही महिने ती होतीच. त्यामुळे यंदा बैठकीनंतर लगेच ते संक्रांतीच्या उन्हात बसले आणि ईस्टरच्या जागा ठरवून मोकळे झाले.

"चाळीस वर्सं समिंदरावर सूर्य बगून घरी आलो," ते म्हणाले. "आनि वाडीत इसरलो."

मी म्हटलं, "कुणाला सांगू नका. अजून पंधरा दिवस आहेत. बघू काहीतरी."

"तू लिवून दिलंस तीस. ते खोटं झालं. माज्यामुळं तुज्या सहीचं खोटं. चल."

आणि ते मला घेऊन थेट अलिबागला, ग्रेगरीसरांच्या घरी गेले. सरांनी दार उघडलं. घरात सगळं जागच्या जागी होतं आणि तरी ओकंबोकं वाटत होतं. मामा बसले नाहीत. "सर, तीस न्हाईत. अठरा हाईत. टीचरनी मोजलं ते बरोबर मोजलं, मी सांगितलं ते चुकीचं सांगितलं." मला वाटतं मुख्याध्यापकाच्या सगळ्या नोकरीत असा कबुलीजबाब त्यांच्या दारात चालत आलेला नव्हता. "हॉलला सांगून ठेवतो," ते म्हणाले, "पण पक्कं करत नाही. रविवारी मी स्वतः येऊन बघेन." म्हणजे हातात पाच दिवस.

मी रजा टाकली. पाच दिवस आम्ही दोघं वाडीत बसून होतो, शब्दशः बसून. ते एका टोकाला, मी दुसऱ्या. तेव्हा मला कळलं की नुसतं बसणं मला येत नाही. दहा मिनिटांत माझ्या डोक्यात आईची औषधं, दहावीचे पेपर, गॅसचा नंबर असं सगळं सुरू व्हायचं. मामा लांबून विचारायचे, "टीचर, ऊन कुठवर आलं?" आणि मला ते बघायचंच राहिलेलं असायचं. दोन दिवस गेले. बारांपैकी चार जागा निघाल्या. बाकीच्यांना कुठेच दिवसभराची सावली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी पंपघराच्या पश्चिमेला बसले होते. दुपारी एकच्या सुमाराला ऊन माझ्या पायावर आलं. मी वैतागून उठले, सतरंजी उचलली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. मामा आले तर मी जागेवर नाही.

"का उठलीस?"

"ऊन आलं."

"मंग कुठं गेलीस?"

"सावलीत. दुसरं कुठं जाणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना भिंतीला धरावं लागलं. एका माणसाला एक जागा, हे त्या जुन्या फादरांच्या काळापासून चालत आलं होतं. ते मोडता येतं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. प्रत्येकाला दोन जागा द्यायच्या. एक सकाळची, एक दुपारची, चार पावलांच्या अंतरावर. घंटा नको, कुणी हाक मारायला नको. ऊन पायावर आलं की उठायचं आणि दुसऱ्या दगडाशी जायचं. पुढचे दोन दिवस आम्ही साठ जागा शोधल्या. चुना संपला, मी रेवदंड्याच्या बाजारातून आणला.

रविवारी ग्रेगरीसर टोपी आणि छत्री घेऊन आले. हातात यादी. एकेका दगडाशी जाऊन उभे राहत, वर बघत, घड्याळ बघत, खूण करत. रहाटाच्या चौथऱ्यामागच्या जागेशी ते थांबले. आजूबाजूला मान वळवून बघितलं.

"इथून मला दुसरं कुणीच दिसत नाही," ते म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले.

सर तिथे बराच वेळ उभे होते. मग यादीत खूण केली, आणि खाली येणाऱ्यांच्या नावांत स्वतःचं नाव लिहिलं. सेक्रेटरी असून इतक्या वर्षांत ते कधी रिट्रीटला बसले नव्हते.

रिट्रीट झाली. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या फादरांनी त्या उठण्यावरच प्रवचन दिलं. माणसाची कुठलीच जागा कायमची नसते, आपण सगळे वाटसरू, हलवलं की उठायचं आणि नवीन जागी तितक्याच शांतपणे बसायचं, असं फार सुंदर बोलले. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं. मामा स्वयंपाकघराच्या मागे नारळ खवत होते. मी जाऊन विचारलं, "ऐकलंत का?"

"चांगलं बोलले. पन ऊन यायचं म्हनून उठवलं, टीचर."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुरूडच्या एक बाई पोट बिघडल्यामुळे घरी गेल्या. त्यांची जागा रिकामी राहिली. दुपारी मी पानं मांडत होते तेव्हा मामा आले. म्हणाले, "त्या मुरूडवालीच्या दगडाजवळ मुंग्या झाल्या काय बगून ये. नीट बसून बग. उबं राहून कळत न्हाय."

म्हटलं, आता तिथं कुणी बसणारच नाही तर मुंग्या बघून काय करायचं? पण ते आधीच पाठ फिरवून गेले होते. मी गेले. हात पुसत बसले. पाठीला करंजाचं खोड, समोर झाप, झापेच्या वरून समुद्राची एक पट्टी. मी मुंग्या शोधत होते. मुंग्या नव्हत्या. मग मला आठवलं की वडिलांना चौघांनी खाली सोडलं तेव्हा मी दोरीकडे बघत होते, दोरी नीट सुटतेय ना, म्हणून; त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. मी किती वेळ रडले ते माहीत नाही. मला हाक मारायला कुणी आलं नाही. उठले तेव्हा मागे तांब्यात पाणी भरून ठेवलेलं होतं.

संध्याकाळी मौन सुटलं. सगळे ओटीवर जमले. ग्रेगरीसर उभे राहिले आणि त्यांनी एकच वाक्य सांगितलं, पुढच्या वर्षीची रिट्रीट याच वाडीत होईल, आणि इथून पुढे ती इथेच होईल. टाळ्या वाजल्या. सर खाली बसले तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले, लाल आणि सुजलेले. इतका कडक माणूस. आम्ही जिंकलो होतो, आणि ज्यासाठी जिंकायचं होतं तेही घडलं होतं.

त्यानंतर मामांनी आणखी दोन रिट्रीटची तयारी केली. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला चर्च भरलं होतं. निम्म्या लोकांना त्यांचं आडनावही ठाऊक नव्हतं. हल्ली जागा मी बघते. मला आता अर्धा तास बसता येतं. पण त्यांची आठवण आली की मला ती संध्याकाळच आठवते.

मी टाळ्या सोडून धावत स्वयंपाकघराच्या मागे गेले. मामा बादलीत पातेली विसळत होते. म्हटलं, "मामा, ऐकलंत ना? वाडी राहिली. आणि तुम्हाला सांगते, आज ग्रेगरी..."

"नाव सांगू नको."

ते इतकं झटकन म्हणाले की मी थांबले.

"कोन रडलं, कोन न्हाय, ते मला कळता नये," ते म्हणाले. "मला कळलं तर मी बगितल्यासारखंच झालं. मंग आडोसा कशाला केला?"

माझेही डोळे सुजलेले होते, चेहरा धुऊनसुद्धा. संध्याकाळचा उजेड सरळ माझ्या तोंडावर पडला होता आणि ते माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी हातातलं पातेलं पालथं घातलं, बादली उचलली, आणि दुसरं पातेलं घासायला बसले ते माझ्याकडे पाठ करून. ओल्या शर्टाची ती रुंद पाठ मी बघत राहिले. इतक्या मानानं माझ्याकडे आयुष्यात कुणी पाठ फिरवली नव्हती.